घडीवर कापलेली गाडी

३ मार्च, सोमवार

आज मी सरावाला अर्धं चाक काढलं! वाटोळं, गुळगुळीत, कुठे म्हणून थरथर नाही. दोन वर्षांत या हातांनी सरळ काही केलं नव्हतं, चहा ओततानासुद्धा बशीत निम्मा. आणि आज चाक!

नात म्हणाली, "आजी, शिकवते ते रोज लिहून ठेव, नाहीतर उद्या परत पहिल्यापासून." म्हणून ही मापांची वही काढली. पुढच्या पानांवर बायकांच्या छात्या, कंबरा, बाह्या. मागची पानं कोरी. चौथीपर्यंत शाळा झालेल्या बाईला एवढी जागा पुष्कळ.

झालंय असं, की नात सायकलवरून पडली. उजवा हात प्लास्टरमध्ये. ते निघेपर्यंत आमच्याकडे राहायला आलीय. ती कॉम्प्युटरवर चित्रं काढते, पोरांच्या पुस्तकांसाठी, खोक्यांवर लावायला, असंच. २२ तारखेला यांना ऐंशी पूर्ण होतात. तिच्या मनात होतं, आजोबांना त्यांच्या जुन्या गाडीचं चित्र द्यायचं, मोठं छापून, चौकटीत घालून. गाडी विकून वीस वर्षं झाली. फोटो एकच उरलाय. फोटोवरून गिरवायचं होतं तिला. डाव्या हातानं करून बघितलं, तर रेघ अशी पळाली की माझंच हसू आवरेना.

मग म्हणते, "आजी, माझा हात तू हो."

म्हटलं, "बाई गं, माझा हात? सुईत दोरा जात नाही म्हणून मशीनवर चादर घालून ठेवलीय मी."

"या सुईत दोरा ओवावाच लागत नाही."

४ मार्च, मंगळवार

शिकले ते असं —

फोटो सगळ्यात खाली. त्याला कुलूप लावायचं, म्हणजे तो हलत नाही. त्याच्यावर लेअर, म्हणजे पातळ कागदच समजायचा. आपण भरतकामाला खाका उतरवायचो ना, खाली नक्षी, वर कागद, अगदी तेच! मी म्हटलं, हे तर मी तुझ्या बापाच्या जन्माआधीपासून करतेय.

पेन म्हणून एक खूण आहे. तिनं रेघ ओढायची नाही. ठिपका ठेवायचा, पुढे जाऊन दुसरा ठेवायचा, मधली रेघ ती आपली आपणच पडते. म्हणजे टाचण्याच टोचायच्या! आणि ठिपका ठेवताना माऊस दाबून ओढला की त्याला दोन्ही बाजूंनी मिशा फुटतात. मिशी ओढावी तशी रेघ वळते. नात त्याला हँडल म्हणते. मी मिशाच म्हणणार.

चुकलं तर एक बटण आहे, ते दाबलं की मागचा टाका उसवतो. कितीही उसवा! कापडाला भोक पडत नाही. हे बटण मला चाळीस वर्षांपूर्वी कुणी का दिलं नाही?

हात थरथरला तरी चालतं, कारण रेघ मी काढतच नाही. मी फक्त टोचते.

५ मार्च, बुधवार

पुढचा दिवा झाला. नऊ टाचण्या लागल्या. नात म्हणाली, चारांत होतो. जेवढ्या टाचण्या कमी तेवढं वळण चांगलं. बरोबर आहे, गळा पिनांनी भरून टाकला की चुण्या पडतात. उसवला. चारांत केला.

६ मार्च, गुरुवार

यांना कळू द्यायचं नाही, म्हणून दुपारीच काम. हे अजून रोज गॅरेजात जाऊन बसतात. आता दुसरे लोक चालवतात ते, पण सगळं गाव यांना मिस्त्री म्हणतं, तर घरी बसून कसं चालेल? जन्मभर लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले. दारात गाडी आली की दार उघडायच्या आधी हात पत्र्यावर.

फोटो सरळ समोरून काढलेला आहे. गाडी अशी डोळे वटारून बघतेय. तिचा रंग होता साबणाच्या वडीसारखा हिरवट, फोटोत तो पार उडून गेलाय. मोठं करत करत गेलं की सगळे चौकोनच चौकोन, फुलीच्या टाक्याच्या भरतकामासारखे. नात म्हणाली, फोटो ताणला की असा फुटतो, आपलं चित्र भिंतीएवढं केलं तरी फुटणार नाही.

जेवताना यांना सहज विचारलं, "गाडीचा फोटो होता ना हो एक? कधी काढलेला?"

"तो पोचा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी. तू डोकं दुखतं म्हणून पडून होतीस. एका गिऱ्हाइकाचा कॅमेरा आला होता हातात."

चाळीस वर्षांपूर्वी माझं डोकं दुखत होतं हे यांच्या लक्षात आहे! काल चष्मा कुठे ठेवला ते नाही.

पण मला कोडं पडलं. गाडी नवी असताना फोटो काढला नाही, आणि पोचा पडल्यावर काढला? बरं, लोकांचे पोचे काढणाऱ्या माणसानं स्वतःच्या गाडीचा पोचा कधी काढला नाही. विकेपर्यंत तसाच. मी काही विचारलं नाही. त्या पोच्याबद्दल मी कधीच काही विचारत नाही.

८ मार्च, शनिवार

मी आज शेफारलेय. नातीनं मला शाबासकी दिली!

बॉनेट आणि दिवे भरले रंगानं, तर दोन तुकड्यांच्या मधे पांढरी फट दिसायला लागली, केसाएवढी. मी म्हटलं, दिसणारच. कडेला कड लावून कुणी शिवतं का? खालच्या तुकड्याला बोटभर माया सोड, वरच्याखाली सरकव. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे कळायला मला कामाला लागून वर्ष गेलं होतं."

संध्याकाळी पेंटर आला, यांच्याशी गप्पा मारायला. समोरच्याच घरात राहतो. त्याला मी नेहमीसारखी चार बिस्किटं जास्त दिली.

११ मार्च, मंगळवार

फजिती! लिहिताना अजून हसतेय.

दोन दिवस नातीला दवाखान्यात आणि कुठे कुठे जायचं होतं. म्हणाली, "आजी, तू जमेल तेवढं कर." मी म्हटलं, आपण तिला थक्क करू. पुढून दिसणारी गाडी म्हणजे काय, कुडताच की! कुडता कुणी दोन्ही बाजूंनी कापतं का? कापड घडी घालायचं, अर्ध्याला कात्री लावायची, उलगडलं की दोन्ही खांदे सारखे. नातीनं मला दिवा उलटा करून दुसरीकडे लावायचं बटण दाखवलंच होतं. मग काय! उजवी बाजू चांगली स्वच्छ, ती सगळी टोचून काढली. आरसा, काच, मडगार्ड, चाक. आणि एकदम उलटवून डावीकडे लावली. गाडी तयार! ऐटीत उभी, दोन्ही खांदे सारखे.

नात आली, बघतच राहिली. मग सोफ्यावर बसून पोट धरून हसायला लागली.

"आजी, स्टिअरिंग कुठंय?"

बघते तर खरंच! स्टिअरिंग फोटोत डावीकडे, मी ती बाजू घेतलीच नाही. आमची गाडी बिनस्टिअरिंगची. नंबरप्लेटवरचे आकडे अर्धे सुलटे, अर्धे उलटे, एकमेकांकडे तोंड करून.

"आणि पेंटरकाकांच्या शिडीचा पोचा? तो तर डावीकडेच आहे. त्याच्याशिवाय आजोबा म्हणतील, ही माझी गाडीच नव्हे."

माझं हसू तिथेच थांबलं. म्हटलं, पोचा कशाला हवाय चित्रात? वाढदिवसाच्या दिवशी?

"आजी, सगळे तीच गोष्ट सांगतात ना दर वेळी."

हो. सगळे तीच सांगतात.

१२ मार्च, बुधवार

कामाला हात लावला नाही. कंबर दुखते असं नातीला म्हणाले मी. कंबर काही दुखत नाही.

१३ मार्च, गुरुवार

ही वही मशीनच्या ड्रॉवरमध्ये असते, बॉबिनांच्या खाली. तिथे कुणी हात घालत नाही. म्हणून लिहिते.

पोचा मी पाडला.

एक्केचाळीस वर्षं झाली. दुपार होती. हे गिऱ्हाइकाच्या स्कूटरवर मागे बसून कुठलासा सुटा भाग आणायला गेले होते. गाडी अंगणात. किल्ली खिळ्याला. मी यांना चालवताना रोज बघायचे. पाय कुठे, हात कुठे, सगळं पाठ. मशीन चालवतच होते की मी, पायानं वेग आणि हातानं दिशा, त्यात वेगळं काय? नुसतं गेटापर्यंत नेऊन परत आणायची, एवढंच. कुणाला दाखवायचं नव्हतं. मला स्वतःला बघायचं होतं.

पाय पोचेनात. सीट पुढे येईना, तिची कळ अडकलेली. मग मशीनसमोरच्या खुर्चीवरची माझी उशी आणली, गिऱ्हाइकांच्या चिंध्यांची शिवलेली, लाल झालरीची, ती पाठीमागे घातली. आता पाय पोचले. किल्ली फिरवली. गाडी थरथरली, आणि निघाली! खरंच निघाली! मी गाडी चालवत होते! दहा-बारा पावलं असतील. त्या दहा-बारा पावलांत काय वाटलं ते मला आजही लिहिता येणार नाही.

मग ब्रेक सापडेना, आणि गेटाचा खांब आला.

मागे न्यायचा गिअर काही लागेना. उतरले, ढकलत ढकलत गाडी जागेवर नेली. अंगात कुठलं बळ आलं कुणास ठाऊक. घरात पळाले.

आता पेंटरचं. तो तेव्हा शेजारची भिंत रंगवायला आला होता, पोरगेलाच होता. शिडी आमच्या खांबाला टेकवून चहाला गेलेला. धक्क्यानं शिडी पडली होती, ते माझ्या ध्यानातही आलं नाही. तो परत आला, बघतो तर शिडी आडवी आणि गाडीला पोचा. हे आल्यावर स्वतःहून पुढे झाला, "मिस्त्री, माझ्याकडून झालं."

आणि मी दारात उभी. गप्प.

हे म्हणाले, "शिडीनं असा पोचा पडत नाही रे. जा तू." त्याला वाटलं, मिस्त्री मोठ्या मनाचा, आपल्याला लाजवत नाही. मलाही तसंच वाटलं. तेव्हापासून दर वर्षी येऊन आमचं गेट रंगवून जातो. नको म्हटलं तरी ऐकत नाही. आणि त्याची स्कूटर हे आपल्या हातानं बघतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा उठून त्याच उशीवर बसले आणि एक बाही उलटी लावली. माझ्या हातून एवढीच एक बाही उलटी लागली आहे जन्मात.

एक्केचाळीस वेळा गेट रंगलं. मी बिस्किटं वाढत राहिले.

१४ मार्च, शुक्रवार

नातीला म्हटलं, गाडी अशीच राहू दे, पोच्याशिवाय, स्टिअरिंग तेवढं लावू. ती म्हणाली, "तुझी मर्जी. पण मग ती कुठलीही गाडी झाली गं."

चिडले तिच्यावर. खरं बोलली म्हणून.

१६ मार्च, रविवार

पेंटर आला होता. यंदा गेटाला कुठला रंग, विचारायला! २२ च्या आधी करून टाकतो म्हणाला, लोक येणार. गुडघे दुखतात त्याचे, उठताना खुर्चीचा हात धरतो. मला बिस्किटांचा डबा उघडवेना.

ठरवलं. पोचा काढायचा चित्रात. आणि काढायचा तर त्याच्या आधी पेंटरला सांगायचं. नाहीतर त्या दिवशी पुन्हा शिडीची गोष्ट निघणार, पुन्हा सगळे हसणार, आणि तो मान खाली घालून हसणार. यांना काय सांगायचं ते मात्र सुचत नाही. हे रागावले तर बोलत नाहीत. एकदा मी यांची पकड ब्लाउजच्या हुकांना वापरली तर तीन दिवस बोलले नव्हते. याला किती?

१८ मार्च, मंगळवार

सांगून आले.

पेंटर ओट्यावर ब्रश धुवत होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "गाडीचा पोचा तुझ्या शिडीनं नाही पडला. मी पाडला. गाडी मी चालवत होते."

तो धुवतच राहिला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्हाला गाडी येते?"

"नाही ना! म्हणून तर!"

"म्हणजे एवढी वर्षं शिडीचा काही दोष नव्हता?"

"काही नाही."

"ती शिडी मी तेव्हाच मोडून जाळली हो वहिनी." त्यानं ब्रश झटकला. "चांगली शिडी होती."

मला रडू यायला लागलं. तर हा हसायला लागला, खोकला येईपर्यंत. त्याची बायको आतून धावत आली, काय झालं विचारत. त्यानं हात केला, काही नाही म्हणून. मग तोंड गंभीर केलं. त्याला लागलंय, मला दिसत होतं. हसला म्हणून लागलं नाही असं नाही.

"मला सांगितलंत, बरं केलंत. पण मिस्त्रींना तुम्हीच सांगायचं. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, त्यांच्यापासून मी आता लपवणार नाही. वाढदिवसाच्या दिवशी सांगा, माझ्यासमोर. नाहीतर मी सांगतो."

"आणि गेट?"

"गेट यंदा तुम्ही रंगवा. ब्रश देतो."

१९ मार्च, बुधवार

नातीला म्हटलं, उलटवलेली बाजू काढून टाक. डावीकडचं सगळं नव्यानं करू, आहे तसं. तिनं विचारलं नाही काय झालं. गुणी पोर.

पोचा काढणं म्हणजे गंमत आहे! बाहेरून वाटतं, एक खड्डा. मोठा करून बघितला तर सात तुकडे. आत काळसर, कडेला उजेड, मधे आभाळाचा एक निळा ओहोळ. रंग उडून गेलेल्या फोटोतही आभाळ तिथेच तेवढं टिकून राहिलंय! सत्तावीस टाचण्या. एकही जास्त नाही. एवढं सुबक काम मी नव्या नवरीच्या ब्लाउजलाही केलं नसेल.

मी पाडला, मीच काढला. मिस्त्रीच झाले की!

२० मार्च, गुरुवार

स्टिअरिंग बसवलं. काचेतून दिसणाऱ्या सीटा केल्या. स्टिअरिंगमागच्या सीटवर एक डाग आहे, विटकरी, त्याला मळकट पिवळं काही आणि कडेला वळणं वळणं. चौकोन इतके मोठे की काही कळत नाही. नात म्हणाली, "कव्हर फाटलं असेल. सोड ते, कुणाला दिसणारेय?"

मी सोडत नाही. तुकडा कुठला ते कळत नसलं तरी मी कधी फेकला नाही. कडेची वळणं आठ टाचण्यांत बसवली, आत पिवळा भरला. काय असेल? यांचा फडका? नाही, फडक्याला एवढी वळणं कशी?

२१ मार्च, शुक्रवार

लेअरपुढे एक डोळा असतो. तो मिटला की ते पान दिसेनासं होतं. आज नातीनं मला फोटोचा डोळा मिटायला सांगितला. फोटो गेला आणि माझी गाडी तेवढी उरली. स्टिअरिंगसकट, पोच्यासकट. नातीनं ती मोठी करून पडदाभर दाखवली. मग ती म्हणाली, "खाली कोपऱ्यात तुझं नाव लिहायचं आजी." मी म्हटलं, वेडी आहेस का! पण लिहिलं. तेही पेननं, टोचून टोचून.

छापणाऱ्याकडून संध्याकाळी आलं. पलंगाखाली ठेवलंय. आणि सुयांचा डबा शोधताना आज मशीनवरची चादर काढली, ती परत घातली नाही.

उद्या सांगायचं. वाक्य तीनदा म्हणून बघितलं. तिन्हीदा वेगळं आलं.

२२ मार्च, शनिवार

सगळे जमले. चित्र भिंतीला लावलं. पेंटर माझ्याकडे बघत होता, म्हणजे, बोला आता. मी घसा साफ केला. तेवढ्यात हे उठले, चष्मा चढवला, अगदी चित्राला नाक लागेल इतके जवळ गेले. पोच्याकडे बघितलंच नाही. सीटवरच्या त्या विटकरी तुकड्यावर बोट ठेवलं आणि मला तेवढं ऐकू येईल असं म्हणाले, "उशीसुद्धा काढलीस होय!"

उशी.

ती गाडीतून मी परत आणलीच नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्या खुर्चीवर होती.